डोकं की खोकं

“आय वेन्ट इन द रूम,” ती म्हणाली, “अँड आय सी, ही इज ऑन द फ्लोअर.”

लेकीने लाकडी पट्टी टेबलावर आपटली. “सी नाही, सॉ! इज नाही, वॉज! कालचं सांगतेस ना? मग सगळं कालचंच ठेव. एक पाय काल, एक पाय आज, असं काय करतेस?”

तिला कळत होतं; जीभ ऐकत नव्हती. आपण नाही का सांगत, ‘काल मी जाते तर काय, आजोबा खाली पडलेले!’ पण ती आया होती त्या वृद्धाश्रमातल्या नव्या मेट्रनला रात्रपाळीचा अहवाल इंग्रजीतूनच हवा होता. उद्या जमलं तर तिथल्या आजोबांच्या खोल्या हिच्याकडेच राहणार, नाहीतर तळघरात चादरी धुवायला जावं लागणार.

“पुन्हा.”

“आय वेन्ट… अँड आय सी…”

“डोकं आहे की खोकं!” लेक किंचाळली. “दगडाला शिकवलं असतं तर दगड बोलला असता!”

आतल्या खोलीतून खो-खो हसू आलं. “शाब्बास! लेक माझी शोभतेस!” नवरा पलंगावरूनच ओरडला. “इतकी वर्षं मी एकटाच सांगत होतो हिला.”

तिच्या कानशिलात तडतडलं. त्याचं हसणं जुनंच. ते अंगावरून जायचं. पण आज लेकीची वाक्यं शब्दन् शब्द त्याची, आणि तोंड तिने घास भरवलेलं.

“इंग्रजी शिकेन मी तुझ्याकडून,” ती दात आवळून म्हणाली. “हे नको शिकवूस. हे तुझ्या बापाने केव्हाच पाठ करून घेतलंय.”

लेकीचे कान लाल झाले.

“बघतेस काय?” आतून आवाज आला. “घाल एक पट्टी!”

लेक पट्टी घेऊन उठली. आईने नकळत खांदे आक्रसले. लेक तिच्या मागून पुढे गेली, आतल्या खोलीचं दार धाडकन ओढलं, कडी कोयंड्यावर चढवली आणि कुलपाच्या जागी पट्टी खुपसली.

“ए! काय फाजीलपणा आहे? उघड!” दारावर गुद्दे बसू लागले.

लेक परत आली ती समोरच्या खुर्चीवर नाही, आईच्या शेजारी बाकावर बसली.

“सांग,” ती मान खाली घालून म्हणाली. “सावकाश. आपटायला आता काही नाहीये माझ्याकडे.”

प्रत्येक गुद्द्यासरशी पट्टी कडीत थडथडत होती. आईने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गुद्द्यांच्या वर आवाज चढवून आजोबांची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.