उत्तरेचा जिना

पावणेचार वाजता बाहेरून आलेले परीक्षक शेवटच्या रांगेत पोचले. वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात दोघांचंच पाहायचं राहिलं होतं. चंद्रप्रकाशचं, आणि त्याच्या शेजारच्या टेबलाशी उभ्या असलेल्या सुगंधा परबचं.

सुगंधाचा काप छान उतरला होता. सूर्यफुलाच्या खोडाची इतकी पातळ चकती तिला वर्षभरात जमली नव्हती. रंग चढवून, काचपट्टीवर ठेवून तिने ती सूक्ष्मदर्शकाखाली लावली होती आणि तळाचा वाटोळा आरसा खिडकीकडे वळवला होता. नव्या इमारतीत प्लग होते, पण त्यांना वीज अजून जोडलेली नव्हती. जे दिसायचं ते आरशात येईल तेवढ्या उजेडात.

आणि उजेडाचीच बोंब होती. प्रत्येक खिडकीबाहेर काँक्रीटच्या उभ्या, तिरक्या फळ्या होत्या. अंधेरीच्या रस्त्यावरून त्या ऐटदार दिसत. आत मात्र दुपार कलली की टेबलं, भिंती, माणसं सगळी एका राखाडी रंगाची होत. सरावाच्या आठवड्यात सुगंधाने त्यावर तोड काढली. खिडकीतून हात घालून एका फळीवर तिने पांढरं कापड ताणून बांधलं. फळीच्या कडेवर येणारं ऊन कापडावरून उलटून थेट आरशात आलं.

कापड वडिलांच्या मिलचं होतं. मिलचा भोंगा बंद होऊन तीन वर्षं झाली तरी लवू परबांनी ते ट्रंकेत जपलं होतं. मुलीने मागितल्यावर त्यांनी ते झटकून तिच्या हातात दिलं. "व्हर गो. हयसर घडी करून ठेवन काय करूचा?"

मरोळच्या औषध कंपनीतल्या बाईंनी सुगंधाला सांगून ठेवलं होतं, पहिला वर्ग मिळव आणि जूनमध्ये ये. घरात येणारा तेवढाच एक पगार असणार होता. लेखी पेपर बरे गेले होते. आता सगळं या कापावर होतं.

आज सकाळी ते पुन्हा बांधताना चंद्रप्रकाशने तिला टोमणा मारला होता. "परब, धुणं वाळत घालायला इथेच जागा मिळाली काय गं?" दुपारी त्याने गुपचूप आपलाही आरसा त्याच धुण्याकडे वळवला.

परीक्षक त्याच्या सूक्ष्मदर्शकावर वाकले, लगेच सरळ झाले. "स्वच्छ दिसतंय," म्हणाले आणि गुण मांडू लागले. चंद्रप्रकाशने सुगंधाकडे पाहून भुवई उडवली.

तेवढ्यात कॉलेजचा शिपाई धोंडूमामा धापा टाकत आत आला आणि विभागप्रमुख नंदकुमार सरांच्या कानाशी लागला. इमारतीचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. प्राचार्य खाली रस्त्यावर फोटोवाल्याला घेऊन उभे होते. सगळ्या खिडक्या एकसारख्या, आणि दुसऱ्या मजल्यावर एकीत फडकं. ते आत्ताच्या आत्ता निघायला हवं होतं.

प्रयोगशाळा उत्तरेला द्या म्हणून नंदकुमार सर वर्षभर भांडले होते. उत्तरेला पाहुण्यांसाठी काचेचा मोठा जिना झाला. त्यानंतर त्यांनी भांडणं सोडलं होतं.

"काढू दे त्यांना," ते सुगंधाला म्हणाले.

"सर, पाच मिनिटं. आता माझाच नंबर आहे."

सरांनी परीक्षकांकडे पाहिलं. परीक्षकांनी घड्याळाकडे. धोंडूमामाने तोवर गाठी सोडल्या होत्या. माझ्यावर रागवू नको पोरी, असं काहीतरी पुटपुटत त्याने कापड काखेत मारलं आणि तो गेला.

सुगंधाने डोळा लावून पाहिलं. मघाशी जिथे एकेक पेशी मोजता येत होती तिथे आता नुसतं धुळीसारखं काही होतं. तिने आरसा फिरवला, उलटा केला, पुन्हा फिरवला. परीक्षक आले. एका डोळ्याने पाहिलं, चष्मा काढून दुसऱ्याने पाहिलं.

"काही दिसत नाही."

"सर, जिन्यात येऊन बघाल का? तिथे उजेड आहे."

"परीक्षा प्रयोगशाळेत असते," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मग त्यांनी नंदकुमार सरांना विचारलं, "तुम्ही पाहिला होतात का हा काप?"

सरांनी तो तीन वाजता पाहिला होता. पाहून तिच्या पाठीवर थाप मारली होती. सुगंधा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"परीक्षक तुम्ही आहात," सर म्हणाले. "तुमचं मत."

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते तिला दिसलं नाही. चंद्रप्रकाश मान खाली घालून काप घ्यायची आपली पाती पुसत होता.

काचपट्टी रुमालात धरून सुगंधा बाहेर पडली आणि जिन्यात थांबली. तिन्ही मजले काच. ऊन नाही, झळ नाही, शांत पांढरा उजेड, पायऱ्यांवर सगळीकडे सारखा पसरलेला. तिने काचपट्टी डोळ्यांसमोर धरली. नुसत्या डोळ्यांनासुद्धा लाल कडं दिसत होतं, कुठेही न तुटलेलं.

"बाजूला हो गं जरा," मागून धोंडूमामा म्हणाला. तो स्टुलावर उभा होता, पायाशी बादली. "उद्याच्या आत सगळ्या काचा व्हायच्यात."

ती एक पायरी खाली उतरली. निकाल जूनमध्ये होता.

धोंडूमामाने ओलं कापड पिळलं आणि काचेवरून फिरवलं. त्याच्या काठावर मिलचा निळा शिक्का होता. पाण्याने तो अजून गेला नव्हता.