बुडाला कोण?

धाकटा भाऊ दर समारंभात एकच गोष्ट रंगवून सांगायचा. लहानपणी थोरला तळ्यात बुडत होता आणि आपण उडी मारून त्याला केसांना धरून बाहेर काढलं. थोरल्याला पक्कं आठवत होतं, बुडत होता धाकटा, उडी आपली. भावाची हौस म्हणून थोरला इतकी वर्षं गालातल्या गालात हसत ऐकून घ्यायचा. आज मात्र आपल्या नव्या सुनेसमोर सोक्षमोक्ष लावायचाच, म्हणून तो घसा खाकरून उठला.

"सूनबाई, याच्या थापांवर जाऊ नकोस. त्या दिवशी..."

त्याला हिरवं पाणी आठवलं, नाकातोंडात शिरलेलं. वरून आलेला हात आठवला.

"त्या दिवशी काय, दादा?" धाकट्याने विचारलं.

थोरला टकलावरून हात फिरवत खाली बसला.

"केस फार जोरात ओढले होतेस रे."