चुकलं-माकलं

कडुनिंबाचं फडतूस पान उन्हात बसल्या बसल्या पाणी फोडून ऑक्सिजन काढतं; तेच काम करणारी रसायनाची पट्टी बनवण्यात हर्षालीची चार वर्षं गेली होती. पाण्यात बुडवलेल्या पट्टीवर भरभरून बुडबुडे आले ते एकदाच, होळीच्या आदल्या दिवशी. त्यानंतर दीडशे वेळा तोच प्रयोग, तीच पट्टी, आणि बुडबुडा शपथेला नाही! "कुठंतरी घाण राहतेय," असं म्हणत तिनं आणखी शुद्ध रसायनं मागवली, बाटल्या तीन-तीनदा धुवायला लावल्या, पाण्याच्या कॅनला तर कुणाला हात लावू देईना. इकडे पीएचडीची मुदत संपत आली.

पिंपळगावहून रोज एसटीनं येणारे लॅबचे शिपाई पुंजाकाका आज रिटायर झाले. शाल-श्रीफळ घेतल्यावर "चुकलं-माकलं माफ करा" एवढं म्हणून सगळेच खाली बसतात. काका बसले नाहीत. हर्षालीकडे बघून त्यांनी हात जोडले.



"मॅडम, होळीच्या आदल्या दिवशी डिस्टिल्ड वॉटर संपलं व्हतं. मी गुपचूप कॅनमध्ये बोअरचं खारं पाणी भरून ठेवलं. तुमी रागवाल म्हणून बोललो नाय."