बारा किल्ट

ओठांत पाच टाचण्या धरून अक्काताई शेवटच्या मुलीच्या कमरेचा पट्टा आवळत होती, तेवढ्यात सुभेदार पटांगणावर आले. पलटणीतून निवृत्त झाल्यावर शाळेतल्या मुलींच्या बॅगपाइप पथकाला तेच शिकवत. तासाभरात संचलन होतं. लाल-हिरव्या चौकडीचे बारा किल्ट, म्हणजे बॅगपाइपवाल्यांचे गुडघ्यापर्यंतचे निऱ्यांचे घागरे, अक्काताईनं महिनाभर खपून शिवले होते, चौकडीची रेघ न् रेघ जुळवून.

सुभेदारांनी रांग न्याहाळली. “ताई, निऱ्या पुढं कशा? किल्टच्या निऱ्या पाठीमागं असतात. पुढचा भाग सपाट हवा.”

तीस वर्षं अक्काताई नऊवारी साड्या शिवत आली होती. निऱ्या पुढंच असायच्या, त्यात कुणाला काय विचारायचं? आता बारा किल्ट उसवणार कधी आणि शिवणार कधी? तोंडातल्या टाचण्यांमुळं तिला साधं “चुकलं” म्हणता येईना.

उसवायला घ्यावं म्हणून तिनं समोरच्या मुलीचा पट्टा सैल केला, आणि तिचा हात थबकला. दुसऱ्या क्षणी तिनं तो किल्ट मुलीच्या कमरेभोवती अर्धा फिरवला. निऱ्या मागं गेल्या, मागची सपाट बाजू पुढं आली. पट्टाही बरोबर बसला.

सुभेदार मिशीत हसले. मग छाती फुगवून ओरडले, “पथक! नुसते किल्ट... पीछे मुड!”

खिदळत उरलेल्या अकरा जणींनी किल्ट गर्रकन फिरवले. अक्काताईनं ओठांतल्या टाचण्या घाईघाईनं काढल्या. हसायला तोंड मोकळं हवं होतं.