मानी माणसाचा डबा

"डबा चालत नाही, आजी." सरांनी टेबलावरचा डबा दोन बोटांनी मागे सरकवला. "इथे बसून पोटभर खा. घरी न्यायचं नाही."

म्हातारीने डबा तेवढाच पुढे सरकवला. "रोज नेते मी. रोजच्या बाया भरून देतात."

"आज त्या सुट्टीवर आहेत. आज आमची मुलं वाढणार."

मुलं होती खरी, कॉलेजातून बस भरून आणलेली. सगळ्यांचे एप्रन नवे, घड्या न मोडलेले. सेवेचे मार्क मिळतात म्हणे. कुठे जायचं ते मुलांना बस या अन्नछत्राच्या दारात थांबल्यावर कळलं. उतरतानाच सरांनी बजावलं, इथे कुणाला हिडीसफिडीस करायचं नाही, आजी, काका, मावशी म्हणायचं, मानाने बोलायचं. तेव्हापासून हॉलभर नात्यांना नुसता ऊत आला होता. काका, पाव घ्या. मावशी, इकडे बसा. एवढे नातेवाईक कुणाच्या लग्नातही जमत नाहीत. तोंडाने साखर पेरायची आणि हाताने डबा मागे सारायचा, आणि वर ही म्हणे मानाची रीत.

सुपाच्या पातेल्यापाशी उभी असलेली मुलगी तेवढी गप्प होती. मान खाली घालून डाव बुडवायची, वाडगा भरायची, पुढे करायची. सरांनी तिला दोनदा टोकलं. "मूग गिळलेस का? म्हण ना, आजी, घ्या." तिने नुसता पुढचा वाडगा भरला.

म्हातारी आत आली तेव्हा दारातच थबकली होती. पाय मागे वळलेही होते. मग तिने डोक्यावरचा रुमाल घट्ट केला, मान ताठ केली आणि रांगेला लागली. तेव्हापासून तिने पातेल्याकडे पाहिलं म्हणून नाही.

"घरी कोण आहे तुमच्या?" सर जरा नरमले. "कुणी आजारी असेल तर बघू."

"आजारी कशाला? धडधाकट माणूस आहे."

"मग इथे यायला काय होतं?"

"मान मोडते," म्हातारी म्हणाली. "उपाशी झोपायची तयारी, पण रांगेत उभं राहायची नाही. फार मानी."

रांगेत हशा पिकला. एप्रनवालेही हसले. सरसुद्धा हसले, आणि हसता हसताच म्हणाले, "मानाने पोट भरत नसतं, आजी. आणि डबे बाहेर नेऊन विकले जातात, तेही आम्हाला कळतं हो."

हसू जागच्या जागी विझलं. म्हातारीने रिकाम्या डब्याचं झाकण लावलं.

"ठेवा तुमचं सूप. आज आम्ही दोघंही उपाशी झोपू. आणि उरलं तर तुम्हीच विका."

ती वळली. पातेल्यात डाव आदळला.

"ए म्हातारे, थांब."

सगळ्यांच्या माना फिरल्या. बोलली होती ती गप्प मुलगी.

"तुझं काम कर, बाई," म्हातारी घाईने म्हणाली. "मी काही तुला ओळखत नाही."

तसं कुणी विचारलंच नव्हतं.

"झाकण काढ. आणि सरळ धर, रोज वाटेत अर्धं सांडत आणतेस."

सरांचा चेहरा लाल झाला. "ही बोलायची रीत झाली? काय शिकवलं होतं मी? माफी माग आजींची."

मुलीने डबा काठोकाठ भरला. झाकण दाबून बसवलं. कडेला ओघळलेलं सूप नव्या कोऱ्या एप्रनने पुसलं, मग एप्रनच सोडला आणि सरांच्या पुढ्यात ठेवला.

"आजी ती तुमची, सर. घरी मी हिला म्हातारीच म्हणते."

तिने थप्पीतला एक वाडगा उचलला. टेबलाला वळसा घालून ती अलीकडे आली आणि म्हातारीच्या मागे, रांगेत उभी राहिली.

"कार्टे, मार्क जातील," म्हातारी पुटपुटली.

"जाऊ देत." मुलीने वाडगा सरांपुढे धरला. "तो मानी माणूस आलाय रांगेत. वाढा."