निळी रिबीन

"डावखुऱ्या मुलांनी उभं राहायचं!" मिसेस हॅन्सन टेबलावर छडी आपटून म्हणाल्या.

वर्गात खसखस पिकली. एरवी या बाई कधी आवाज चढवायच्या नाहीत. पण आज अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या त्या शाळेत तिसरीचा 'व्हिक्टोरियन दिवस' होता. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची शाळा मुलांनी स्वतः अनुभवायची होती. बाईंनी घोट्यापर्यंत काळा झगा घातला होता. मुलांच्या हातात पाट्या होत्या आणि मुलींच्या डोक्यावर हनुवटीखाली बांधायच्या पांढऱ्या टोप्या. टोप्या दीपाच्या आईनं, मालिनीनं शिवून दिल्या होत्या. सगळ्यांची शिवण वाकडी गेली होती. मालिनीच्या हाताला वळणच नव्हतं. पोळी वाकडी, रांगोळी वाकडी, अक्षर गिचमिड. "इंजिनिअरची बायको, आणि एक रेघ सरळ येईल तर शपथ," असं तिचा नवरा चारुदत्त चारचौघांत म्हणायचा आणि तीही हसायची.

मालिनी मागच्या भिंतीशी लिंबाच्या सरबताचे पेले भरत होती. मघाशी एका मुलीनं तिच्या डाव्या हातावरच्या डागाकडे बोट दाखवून विचारलं होतं, हे काय? उत्तर पाठ होतं. लहानपणी मस्ती केली, चुलीत हात घातला. मालिनीला स्वतःला त्यातलं काही आठवत नव्हतं. आईनं सांगितलेलं तेवढं माहीत.

दोन मुलगे उभे राहिले. दीपा बसूनच राहिली. मालिनी पेले भरायची थांबली. चोराच्या मनात चांदणं!

पुढच्या महिन्यात सासूबाई नागपूरहून पहिल्यांदाच अमेरिकेत येणार होत्या. नात डाव्या हातानं जेवते, प्रसादालाही तोच हात पुढे करते, हे त्यांना दिसलं, तर सगळं खापर मालिनीच्या डोक्यावर फुटणार होतं. म्हणून रोज जेवताना आणि मराठी अक्षरं गिरवताना ती दीपाचा डावा हात तिच्याच निळ्या रिबिनीनं खुर्चीला बांधायची. सैलच बांधायची. वर एक गोष्टही सांगायची, आईकडून ऐकलेली. शेजारची एक मुलगी डावा हात काही सोडेना, तेव्हा तिच्या आईनं त्या हाताला तापलेल्या उलथन्याचा चटका दिला. ही गोष्ट सांगताना मालिनीच्या आईचे डोळे दर वेळी भरून यायचे. फार मायाळू बाई.

"बघ, आपण तर नुसती रिबीन बांधतो," मालिनी शेवटी म्हणायची.

"दीपा, तूसुद्धा," मिसेस हॅन्सन म्हणाल्या. दीपानं एकदा मागे आईकडे पाहिलं आणि ती उठली.

बाईंनी कापडाच्या पट्ट्या काढल्या. "त्या काळी डावखुऱ्या मुलांचा हात असा पाठीमागे बांधायचे. आता असं कुणी करत नाही. थोडा वेळ बघा कसं वाटतं ते. नको झालं की सांगा, लगेच सोडीन. उजव्या हातानं पाटीवर आपलं नाव लिहा."

एका मुलाची अक्षरं पाटीभर लोळली. दुसऱ्यानं वैतागून पेन्सिलच टाकली. दीपानं मात्र सांगायच्या आधीच हात मागे नेला होता. तिनं सावकाश, एका ओळीत आपलं नाव लिहिलं.

"कसं जमलं गं तुला?" बाईंनी कौतुकानं विचारलं.

"मी रोज प्रॅक्टिस करते," दीपा इंग्रजीत, मोठ्या अभिमानानं म्हणाली. "घरी माझी मॉम माझा हात बांधते."

सगळ्या माना मागे वळल्या. धरणीनं पोटात घ्यावं असं मालिनीला झालं. शाळेनं आईबापांची चौकशी लावल्याच्या गोष्टी तिनं मराठी मंडळात ऐकल्या होत्या. माझी मुलगी माझ्याकडून काढून घेतील का?

मिसेस हॅन्सननी छडी खाली ठेवली. "मालिनी, हे खरं आहे?"

"दुखत नाही काही," दीपाच घाईघाईनं बोलली. "मॉम लूज बांधते."

आठ वर्षांची लेक आपल्याला पाठीशी घालतेय, याची मालिनीला जास्त लाज वाटली. खोटं बोलणं सोपं होतं. खेळ म्हणून एकदाच बांधला, एवढं म्हटलं की झालं.

"खरं आहे," ती म्हणाली. "पण यापुढे नाही बांधणार."

ती पुढे आली. दीपाच्या ओढण्यानं पट्टीची गाठ घट्ट बसली होती. बाईंनी सोडवून पाहिली, सुटेना. मालिनी दीपामागे गुडघ्यांवर बसली. डोळ्यांत पाणी होतं, गाठ धड दिसतही नव्हती. तिची बोटं गाठीत शिरली, त्यांनी टोक शोधलं, अलगद ओढलं. पट्टी सुटली.

दीपा मान वळवून बघत होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "तू लेफ्ट हँडनं सोडलीस."

मालिनीनं खाली पाहिलं. पट्टी डाव्या हातात होती. उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. डाव्या हाताच्या पाठीवर तो जुना डाग होता. बोटभर लांब, कडेनं अगदी सरळ. तिच्या साऱ्या आयुष्यातली तेवढी एकच रेघ सरळ आली होती.

दीपानं त्या डागावर आपलं मोकळं झालेलं बोट ठेवलं.

"आई, तुझ्या आईकडे रिबीन नव्हती?"