बनाची माती

"टोपली खाली ठेव," त्रिंबकआबा म्हणाले.

कडूबाईनं ठेवली नाही. म्हसोबाच्या बनातून बाहेर पडायच्या वाटेवर, दोन शेंदरी दगडांच्या मधोमध, म्हातारे पुजारी काठी आडवी धरून उभे होते. सकाळपासून श्रावणाची भुरभुर चालली होती. चिंचेवरून थेंब टोपलीत पडत होते आणि आतली काळी माती ते पिऊन घेत होती. कडूबाईच्या मागं नंदाबाई आणि गिरिजाबाई, रिकाम्या टोपल्या काखेत मारून.

"बनातली काडी बाहेर जात न्हाई. वाळलं पान जात न्हाई. म्हाईत हाये ना?"

"म्हाईत हाये, आबा. काडी न्हाई घेतली. पान बी न्हाई."

"मंग टोपलीत काय, बुंदी हाये?"

गिरिजाबाईनं हसू दाबायला पदर तोंडाशी नेला.

कडूबाईनं हनुवटीनं समोर दाखवलं. बनापलीकडं मुरमाची टेकडी, उघडीबोडकी. तिच्यावर ओळीनं खड्डे, खड्ड्यात वीतभर रोपं.

"तीन सालं झाली. दरसाल पाचशे रोपं लावते आन् दरसाल पाचशे काड्या उपटते. औंदा जगली न्हाईत तर टेकडी खडीच्या मशीनला जाती. गावाचा ठराव झालाय."

"पाणी कमी पडलं असंल."

"डोक्यावर हंडे वाहिलेत मी. पाण्याचं बोलू नका."

"खत?"

"बराबर दिलं. ताट वाढलं, पर खायला हातच न्हाईत त्यांला."

तिनं टोपलीत बोटं घातली, एक ढेकूळ उचलून हलकेच फोडलं. आत चिंचेची कोवळी मुळी होती. मुळीभोवती केसाहून बारीक पांढरे धागे, पिंजलेल्या कापसातून सुटावेत तसे.

"ह्ये हात. माझी लेक शिवकन्या बदनापूरला रोपवाटिकेत कामाला हाये, तिनं भिंगातून दाखवले. जिथं मुळी पोचत न्हाई तिथं ह्ये धागे पोचतात. मातीच्या दाण्यादाण्यातून खाणं ओढून झाडाला देतात. झाड त्यांला पानात केलेली साखर देतं. टेकडीच्या मुरमात ह्ये न्हाईत, रोपांच्या पिशवीत बी न्हाईत. तीन सालं आपण पोरकी रोपं लावली, आबा."

आबांनी वाकून बघितलं. "बुरशी हाये ही. सडकी माती."

"सडकी असंल तर देवाला कशाला ठेवता? आन् चांगली असंल तर त्या रोपांनी काय पाप केलं?"

आबांचा आवाज उतरला.

"कडू, तुझ्या तोंडाला कोण लागंल. पर माझ्या बापानं काडी जाऊ दिली न्हाई, म्हणून ही चिंच उभी हाये. न्हाई तर इथं बी कवाच मशीन आली असती. आज तू टोपलीभर नेशील, उद्या कुणी ट्रॅक्टर लावंल. त्याला मी काय सांगू?"

कडूबाईनं चिंचेकडं वर बघितलं.

"बराबर हाये," ती म्हणाली, आणि तिथंच, दगडांच्या आत, टोपली पालथी केली.

"अगं बाई," नंदाबाई पुटपुटली. आबांची काठी खाली आली.

कडूबाईनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि अनवाणी पायांनी त्या ढिगात उतरली. भिंत लिंपायचा गारा तुडवावा तशी तुडवू लागली. ओली काळी माती तळव्यांना धरली, बोटांवर चढली, घोट्यापर्यंत जाड झाली. मग एकेक जड पाय उचलत ती दगडांमधून बाहेर निघाली.

"ह्ये काय करून राह्यलीस?"

"दर्शन झालं, चालले."

"पाय धू आधी."

"आमुश्याला आख्खा गाव अनवाणी येतो. पायाला लागून गेलेली माती देवानं कवा परत मागितली? तुमच्या शेळ्या पावसाच्या बनात शिरतात, त्यांचे खूर कोण धुतं? ट्रॅक्टरवाला आला तर त्याला बी म्हणा, पायानं ने, बिलकुल अडवत न्हाई."

दगडांबाहेर काढलेल्या चपला तिथंच टाकून ती टेकडी चढली. पहिल्या खड्ड्याशी बसली, खापरीनं तळवे खरवडून माती रोपाच्या मुळाशी सारली. दोन पायांची मिळून ओंजळभर निघाली. ती उठली आणि परत बनाकडं वळली.

तोवर ढिगात दोघी उभ्या होत्या.

"सरक गं गिरजे, सगळी तूच खाती का?"

"जल्दी कर मंग. पाय हायेत का उखळं?"

चढावर नंदाबाईनं गळा मोकळा केला.

*बनाची गं माती, आज नांदाया निघाली*
*माझ्या तळव्यांची, तिनं सवारी गं केली*

दुपारपर्यंत फेऱ्या चालल्या. बाया भरल्या पायांनी जायच्या, मोकळ्या पायांनी यायच्या. ढीग भुईला टेकत आला. तीस-बत्तीस खड्डे झाले असतील. आबा दगडाजवळून हलले नव्हते.

"पाचशे हायेत, कडू," ते शेवटी म्हणाले. "गुडघे राहतील का तुझे?"

कडूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. श्वास जुळेपर्यंत थांबली.

"माझे ऱ्हाऊ द्या. गावात पाय किती हायेत, आबा?"

आबांनी उत्तरासाठी तोंड उघडलं आणि नकळत खाली बघितलं. सकाळपासून बनाच्या ओल्या मातीत अनवाणी उभे होते ते. त्यांचे पाय घोट्यापर्यंत काळे झाले होते.